‘बालेकिल्ला’, ‘लीड’ आणि ‘कल’ : राज्याच्या आतलं मतदान मराठीत कसं सांगायचं?

अडकित्ता : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा एक लेख मराठीत आणतेय. विषय पेनसिल्व्हेनिया. राज्याच्या कुठल्या भागातून कुणाला किती मतं पडतील आणि त्यावरून राज्य कुणाकडे जाईल, हा अंदाज कसा बांधतात त्याबद्दल आहे. ‘स्ट्राँगहोल्ड’ पानापानाला येतो. मी सगळीकडे ‘बालेकिल्ला’ केलं, पण वाचताना खटकतंय. का, ते सापडत नाही.

पावशेर : खटकणारच. बालेकिल्ला म्हणजे गडाच्या आतला, सगळ्यात उंचावरचा किल्ला. फारसीतला ‘बाला’ म्हणजे वरचा. राजगड चढलेल्यांना सांगायला नको. तो एकतर आपल्या ताब्यात असतो, नाहीतर पडतो. तुमच्या विषयात सगळी गंमत अर्ध्यामुर्ध्यातच आहे. पेनसिल्व्हेनियात ६७ काउंट्या. (‘जिल्हा’ म्हणा, चालेल; ‘मतदारसंघ’ मात्र नको.) काउंटी जिंकून पदरात काही पडत नाही. राज्यभरच्या मतांची बेरीज होते आणि जो पुढे, त्याला राज्याची सगळी इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरतो तो ह्याच मतांवर). २०२४ मध्ये ती १९ होती. त्यामुळे जिथे हरणार हे ठरलेलंच आहे, तिथे कितीने हरलो हेही मोजावं लागतं.

अडकित्ता : अगदी! २०१६ मध्ये फिलाडेल्फिया शहरात हिलरी क्लिंटन सुमारे ४ लाख ७५ हजारांनी पुढे होत्या, तरी राज्य ट्रम्प यांनी ४४ हजारांनी घेतलं. २०२० मध्ये बायडेन यांचं तिथलं मताधिक्य उलट थोडं कमी, ४ लाख ७१ हजारांच्या आसपास. आणि राज्य मात्र त्यांनी ८० हजारांनी जिंकलं. ह्यात ‘बालेकिल्ला राखला’ लिहून काय कळणार?

चावडीवरचा : एवढं कशाला अडखळायचं? आमच्या भागात ह्याला ‘लीड’ म्हणतात. लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा. निकाल लागला की कार्यकर्ता पहिला प्रश्न काय विचारतो? “आपल्या तालुक्यानं किती लीड दिलं?” आणि दुसरा, “शहरातलं लीड कुठं तुटलं?” २०१६ मध्ये फिलाडेल्फियाचं लीड छोट्या गावांनी आणि जुन्या कोळशाच्या पट्ट्यानं तोडलं. २०२० मध्ये शहराभोवतीच्या उपनगरांनी भर घातली. संपलं.

अडकित्ता : उपनगरांचं बरोबर आहे. एकट्या माँटगोमेरी काउंटीत डेमोक्रॅट (क्लिंटन-बायडेन यांच्या पक्षाचं) लीड साधारण ९३ हजारांवरून १ लाख ३४ हजारांवर गेलं. ‘लीड तोडणं’ घेतेच. आता पुढचा काटा : ‘बेलवेदर’, म्हणजे ज्याच्या निकालावरून राज्याचा निकाल ओळखतात तो जिल्हा. मूळ अर्थ, गळ्यात घंटा बांधलेला, कळपाच्या पुढे चालणारा मेंढा. ‘म्होरक्या जिल्हा’?

पावशेर : म्होरक्याच्या मागे इतर जातात. इरी काउंटीच्या मागे कोणी जात नाही. ती फक्त राज्यासारखं मत देते. २००८ आणि २०१२ ला ओबामा, २०१६ ला ट्रम्प, २०२० ला बायडेन, २०२४ ला पुन्हा ट्रम्प. आपल्याकडे ‘शितावरून भाताची परीक्षा’ आहे ना? मग इरी हे शीत.

चावडीवरचा : भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच ती परीक्षा खरी. ह्या पातेल्यात एका बाजूला खरपूड आणि दुसरीकडे तांदूळ कच्चा. २०१६ आणि २०२० ला इरीचा निकाल दोन हजारांच्या आतल्या फरकानं लागला. त्या शितावर भरवसा ठेवून मी तरी गुलाल आणणार नाही.

पावशेर : म्हणूनच चार ठिकाणची शितं काढायची. आदल्या वेळेपेक्षा शहरात किती घट, उपनगरात किती वाढ, खेड्यात कितीचा फरक, असं. अंदाज बांधणारे हेच करतात. शब्द म्हणून ‘शीत’ वाईट नाही, एवढंच माझं म्हणणं.

रानमोगरा : मध्येच बोलते. ‘कल’ जपून वापरा. आपले चॅनेलवाले अर्धवट मोजणीला ‘सुरुवातीचे कल’ म्हणतात, आणि पेनसिल्व्हेनियात त्यानं घोळ होतो. तिथल्या कायद्यानं टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत. ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री आधी केंद्रांवरची मतं मोजून झाली आणि ट्रम्प काही लाखांनी पुढे दिसले. टपाली मतं बहुतेक डेमोक्रॅटांची. शुक्रवारी बायडेन पुढे गेले. त्याला ‘कल बदलला’ म्हणणं चूक. कल मतदाराचा असतो, आणि मतं तर केव्हाच पेटीत पडली होती. बदलला तो मोजणीचा क्रम.

अडकित्ता : मग ‘आघाडी’?

रानमोगरा : महाराष्ट्रात ‘ट्रम्प यांची आघाडी’ वाचून लोक विचारतील, कुणाकुणाशी? सरळ ‘मोजलेल्या मतांत पुढे’ लिहा. आणि ‘कौल’ शेवटच्या बेरजेसाठी राखून ठेवा. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी पडेपर्यंत गुरवसुद्धा बोलत नाही.

अडकित्ता : वाक्य असं केलंय, बघा : “फिलाडेल्फियात मिळालेला लीड छोट्या गावांनी तोडला आणि राज्याचा कौल ट्रम्प यांच्याकडे गेला.”

चावडीवरचा : लीड ‘मिळालेला’ नाही हो, ‘मिळालेलं’.

पावशेर : आमच्याकडे ‘मिळालेला’च म्हणतात.

चावडीवरचा : म्हणूनच तुमच्याकडे मिळत नसेल.