'डॅम्पन' म्हणजे फक्त ओलं करणं?

सातारा_मास्तर: दहावीची पोरं इंग्रजी 'डॅम्पन' (dampen) शब्दाचा अर्थ 'उत्साह घालवणे' लिहितात. इस्त्रीआधी कापडावर पाणी शिंपडतो, ते डॅम्पन. ओलसर करणे हाच मूळ अर्थ. बाकीचं पेपरवाल्यांनी चिकटवलेलं. मी मार्क देत नाही.

कृष्णाकाठ: सर, राहवलं नाही म्हणून लिहितोय. उलटं शिकवताय तुम्ही. 'डॅम्प' म्हणजे आधी वाफ, कोंदट हवा. जर्मनीत 'डाम्फ' म्हणजे आजही वाफच. कोळशाच्या खाणीतल्या मिथेनला इंग्रज फायरडॅम्प म्हणत, तो पेटून स्फोट होण्याच्या धास्तीनं १८१५ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं सुरक्षित दिवा काढला. ब्लॅकडॅम्प या खाणीतल्या दुसऱ्या वायूमध्ये ज्योत विझायची, माणूस गुदमरायचा. म्हणून विझवणं, मंदावणं हा अर्थ जुना. पाणी मागून आलं. पोरांचे मार्क का कापता?

मिरज_तंतुवाद्य: सतारीच्या तारेवर बोट ठेवून नाद थांबवतात, तिथं पाणी लागतं का? बारावीच्या फिजिक्समध्ये डॅम्प्ड ऑसिलेशन, म्हणजे हळूहळू मंदावणारं आंदोलन आहे, ते कुठं भिजतंय?

सातारा_मास्तर: ते 'डॅम्प', 'डॅम्पन' नव्हे. परीक्षेत व्यवहारातला अर्थ लागतो.

गावभाग_सांगली: व्यवहाराचंच सांगतो. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, आमच्या घरात पाणी. नंतर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, डॅम्प आलंय, सिमेंटचा गिलावा करू. दगडमातीची जुनी भिंत. पुढच्या पावसाळ्यात पोपडेच पोपडे! आई अजून त्या खोलीत झोपत नाही.

विटा_साईट: गिलाव्याला दोष कशाला? जोत्यावर डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतली ओल भिंतीत चढणारच.

गावभाग_सांगली: आजोबांच्या काळातल्या वाड्याला डीपीसी कुठनं आणू? चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडायचा, सिमेंटनं ती आत कोंडली. क्षार फुगून भिंत सोलते. तुम्ही बिल घेऊन जाता, राहायचं आम्ही.

विटा_साईट: तोंड सांभाळून बोला. सगळे एका माळेचे मणी नाहीत. जुन्या भिंतीला चुनाच बरा, एवढं मान्य. पण चुना मळून लावणारा गवंडी दाखवा आधी. पोरं शिकायलाच तयार नाहीत.

मिरज_तंतुवाद्य: पोरांना दोष देऊ नका. मजुरी नीट द्या, शिकतील.

सातारा_मास्तर: धागा इंग्रजीचा आहे, गवंड्यांचा नाही. बरं, 'उत्साह घालवणे'लाही मार्क देईन. पण आधी 'ओलसर करणे' लिहायचं.

कृष्णाकाठ: आधी का? प्रश्नातलं वाक्य काय म्हणतंय ते बघून पोरानं ठरवावं. पावसानं जत्रेचा उत्साह 'डॅम्पन' केला, इथं ओलसर काय करणार?

सातारा_मास्तर: तसं वाक्य असेल तर ठीक. सुटा शब्द विचारला तर माझाच क्रम.

गावभाग_सांगली: चुन्याचा गवंडी कुणाला माहीत असेल तर खरंच कळवा. तासगाव, मिरज कुठलाही चालेल, पावसाआधी काम उरकायचंय.