बाबांना मासे गरवायला न्यायचंय, पण लायसन्सवरून अडलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. बाबा मालवणहून तीन महिन्यांसाठी आलेत, वय ७२, घरात बसून जाम कंटाळलेत. म्हणून तलावावर नेऊ म्हटलं, रॉड-रीळ आणलं, गांडुळांचा डबापण आणला (तो फ्रीजमध्ये ठेवला म्हणून बायको अजून बोलत नाहीये). आता बाबा म्हणतात, जन्मभर खाडीत गरी टाकली, कुणाला दमडी दिली नाही, इथे लायसन्स कशाला? मी म्हटलं पैसे माशांसाठीच वापरतात, रॉडवरपण त्यासाठी टॅक्स असतो, तर चष्मा लावून पावती घेऊन बसले, "दाखव कुठाय". पावतीवर नुसता सेल्स टॅक्स! काय सांगू? आणि ७० वरच्यांना लायसन्स माफ आहे ना?

गळवाला: माफी इथल्या रहिवाशांनाच, पाहुण्यांना काढावं लागतं. ७ दिवसांचं मिळतं, ते घ्या. टॅक्स पावतीवर दिसणारच नाही, कारण तो कंपनी किंवा आयात करणारा आधीच भरतो आणि किमतीत धरतो. बहुतेक सामानावर १०%, रॉडवर जास्तीत जास्त १० डॉलर. कायदा १९५० चा आहे. पैसा केंद्राकडे जमतो, मग राज्यांना वाटतात, ६०% लायसन्सवाले किती त्यावर आणि ४०% जमीन-पाणी किती त्यावर. राज्याने आधी खर्च करायचा, मग १०० मधले ७५ पर्यंत परत मिळतात, उरलेले बहुतेक लायसन्सच्याच पैशातून घालतात. आणि लायसन्सचा पैसा राज्याने दुसरीकडे वळवला तर ही केंद्राची मदतच धोक्यात येते, त्यामुळे त्या पैशातून रस्तेबिस्ते होत नाहीत.

होडीवाला_काका: आम्हा बोटवाल्यांना विसरू नका हो! १९८४ पासून बोटीच्या पेट्रोलवरचा टॅक्सपण ह्यात येतो, त्यातून बोट उतरवायचे रॅम्प वगैरे होतात. गंमत म्हणजे लॉनमोअरसारख्या छोट्या इंजिनांच्या पेट्रोलचा टॅक्सपण ह्याच फंडात, तो किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांसाठी. बाबा मालवणचे ना, मग तलाव कशाला, समुद्रावर न्या की. तिथे नुसतं रजिस्ट्रेशन लागतं, तेही फुकट.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांना! बाबांना वाचून दाखवलं, लॉनमोअरचं ऐकून म्हणाले मग गवत तू काप, मासे मी धरतो. "फुकट" ऐकल्यावर तर तलाव कॅन्सलच. शनिवारी सँडी हूकला नेतोय, तिथे आमिष काय लावतात? गांडुळं चालतील का, की वाया गेली?