न्यूमेरिकल मेथड्सच्या प्रॅक्टिकलला काय घ्यावं: ऑक्टेव्ह, सायलॅब की पायथन? (सोलापूर, बीएस्सी गणित)

तासिकावाल्या_मॅडम

नमस्कार. सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. या सत्रात न्यूमेरिकल मेथड्सचं (समीकरणांची उत्तरं आकडेमोडीनं जवळपास काढायच्या रीती) प्रॅक्टिकल माझ्याकडे आलंय. आजवर हे प्रॅक्टिकल म्हणजे कॅल्क्युलेटर, जर्नल आणि सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांचं उतरवून काढणं. विभागप्रमुख म्हणाले, "नवीन धोरण आलंय, काहीतरी सॉफ्टवेअर घ्या." काहीतरी म्हणजे काय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

लॅब कॉम्प्युटर सायन्सवाल्यांकडून मागून घ्यावी लागते. मशिनी जुन्या, रॅम ४ जीबी, एकेका मशिनीवर दोघं-तिघं. मॅटलॅबचं (विकत घ्यायचं गणिताचं सॉफ्टवेअर) लायसन्स नाही, मिळेल असंही वाटत नाही. क्रॅक टाकून देतो म्हणणारा एक जण प्रत्येक कॉलेजात असतो, आमच्याकडेही आहे, पण ते नको. मुलं माढा, मोहोळ, अक्कलकोटहून एसटीनं येतात. घरी कॉम्प्युटर फार थोड्यांकडे, मोबाइल सगळ्यांकडे.

दुसरी अडचण जास्त डोक्याला ताप देणारी आहे. गेल्या वर्षी काही मुलांनी सायलॅबचे (फुकट मिळणारं गणिताचं सॉफ्टवेअर) तयार कोड आणून जर्नलला चिकटवले. न्यूटन-रॅफसनचं (स्पर्शिकेवरून समीकरणाचं मूळ काढायची रीत) उत्तर दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत बरोबर. पण "यात डेरिव्हेटिव्ह कुठं आहे ते दाखव" म्हटलं की गप्प. अशाला मार्क कशाचे द्यायचे?

जुळेसोलापूरकर_सध्या_पुणे

मॅडम, डोळे झाकून पायथन घ्या. नमपाय आणि मॅटप्लॉटलिब (पायथनची आकडेमोडीची आणि आलेखांची तयार साधनं), झालं. कोलॅब (गूगलची ऑनलाइन पायथन वही) ब्राउझरमध्ये उघडतं, मोबाइलवरही चालतं, लॅबची भानगडच नको. आणि खरं सांगू का, ऑक्टेव्ह येतं म्हणून मुलाखतीला कुणी बोलावत नाही. पायथन येतं म्हणून बोलावतात. आमच्या पोरांना तेवढं तरी मिळू दे की.

निवृत्त_होटगी_रोड

मॅडम, सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकतो: ऑक्टेव्ह घ्या, मॅटलॅबसारखंच पण फुकट. त्याची झिप फाइल मिळते, पेनड्राइव्हवरून चालते, ॲडमिन पासवर्डसाठी कुणाच्या मागं फिरायला नको. पूर्ण विंडो उघडायला वेळ लागत असेल तर नुसती कमांड लाइन उघडा, ४ जीबीत आरामात पळते. मशिनी ३२ बिटच्या असतील तर तेवढी जुनी आवृत्ती शोधा. मॅटलॅबची साधी फाइल त्यात बहुतेक वेळा जशीच्या तशी चालते, म्हणजे उद्या एखादी मुलगी पुढं शिकायला गेली आणि तिथं मॅटलॅब असलं तर बिचकणार नाही. घरी सराव करायचा तर ऑक्टेव्ह ऑनलाइन ब्राउझरमध्ये उघडतं.

हे सगळे प्रकार मुळात विद्यार्थ्यांच्याच पायी जन्मले. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यू मेक्सिको विद्यापीठात मॅटलॅब लिहिलं ते पोरांना फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा न शिकता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत म्हणून. मॅथवर्क्स कंपनी नंतरची, १९८४ ची. ऑक्टेव्हवर जॉन ईटन यांनी १९९२ पासून काम धरलं, तेही केमिकल रिॲक्टरच्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. तेव्हा "हे इंजिनिअरिंगवाल्यांचं, आम्हाला कशाला" असं तुमच्या विभागात कुणी म्हणालं तर ऐकू नका.

सायलॅबही वाईट नाही. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतून आलेलं आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी (मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणायच्या) प्रकल्पानं त्यावर भरपूर काम केलंय. पण तुमचं दुखणं तिथंच आहे. त्यांच्या टेक्स्टबुक कंपॅनियनमध्ये कित्येक पुस्तकांतल्या सोडवलेल्या उदाहरणांचे कोड फुकट ठेवलेले आहेत. काम चांगलंच आहे. पण तुमच्या जर्नलातलं उदाहरण त्याच पुस्तकातलं असेल तर पोरगं ते उचलणारच, मी असतो तर मीही उचललं असतं.

तेव्हा उदाहरण बदला. माझं आवडतं सांगतो. एक्सचा घन वजा २ एक्स अधिक २ बरोबर ०. न्यूटन-रॅफसन, सुरुवात ० पासून. आधी वहीत तीन पायऱ्या हातानं करायला लावा. ० वरून १, १ वरून परत ०, ० वरून १. वर्गात चुळबूळ सुरू होते, कॅल्क्युलेटर बिघडला म्हणतात. मग तोच तयार कोड चालवू द्या. कोडमध्ये १०० फेऱ्यांची मर्यादा असेल तर १०० फेऱ्या मारून शेवटी हातात जे असेल ते, ० किंवा १, "मूळ" म्हणून छापून मोकळा होतो. ० समीकरणात घालून बघायला सांगा, २ येतात. आता −२ पासून सुरू करा. तिसऱ्या फेरीतच −१.७६९३ मिळतं. मग आलेख काढायला लावा आणि ० व १ जवळच्या स्पर्शिका काढून घ्या. डेरिव्हेटिव्ह कुठं आहे हे परत विचारावं लागणार नाही.

दुसरं, आपल्या घरचं. उजनी. उन्हाळ्यात आपल्या पेपरात "उजनी उणे अमुक टक्के" असं छापून येतं आणि बाहेरगावचा पाहुणा विचारतो, धरणात पाणी उणे कसं काय? एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास, त्यात मृतसाठा (तळाचा, कालव्यात सोडता न येणारा) ६३.६६ आणि उपयुक्त ५३.५७. धरणातल्या पाण्यातून मृतसाठा वजा करून टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. धरणात ५० टीएमसी असेल तर उणे साडेपंचवीस टक्के. हे पहिल्या तासाला. पुढच्या तासाला पाणीपातळी आणि साठा यांचं कोष्टक द्या, मधल्या दोन-तीन ओळी झाकून ठेवा आणि इंटरपोलेशननं काढायला लावा. मग गंमत म्हणून मृतसाठ्याच्या वरच्याच ११ ओळी देऊन खालचा साठा विचारा. दहाव्या घाताची बहुपदी कुठल्या कुठं भरकटते ते माढा-करमाळ्याची पोरं, ज्यांची शेतं बॅकवॉटरला लागून आहेत, लगेच पकडतात. एवढं पाणी तिथं नसतंय सर, म्हणतात. मला वर्गात ऐकायचं असतं ते हेच.

मार्कांचं. जर्नलला थोडे ठेवा. बाकी तोंडी, फाइल उघडी ठेवून. तुम्ही एक आकडा बदलायचा, सुरुवातीचा किंवा टॉलरन्सचा (किती चूक चालेल त्याचा), आणि एंटर दाबायच्या आधी काय होईल ते पोरानं बोलायचं. कोड फॉसीचा आणला, एआयकडून आणला की मित्राचा, मला फरक पडत नाही. बोलायचं मात्र त्यालाच आहे.

आणि पुण्याच्या मित्रा, नोकरीपुरतं तुझं खरं आहे. पण नमपायमध्ये २, १ आणि १, ३ असं दोन बाय दोनचं मॅट्रिक्स लिही आणि गाउस एलिमिनेशन कर. दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी वजा केली की २.५ यायला हवेत. पण मॅट्रिक्स पूर्णांकांचं म्हणून दशांश कापून त्या जागी जाऊन बसतात २. एरर नाही, वॉर्निंग नाही. नवशिक्याच्या वर्गात मला हे नको. शिवाय पायथन शून्यापासून मोजतं, त्यामुळं पुस्तकातली पहिली ओळ तिथं शून्यावी होते, त्यात अर्धा तास जातो.

जुळेसोलापूरकर_सध्या_पुणे

सर, २ च्या पुढं एक टिंब टाकलं की दशांश होतंय की! पहिल्या तासाला सांगून टाकायचं, विषय संपला. उजनीचं मात्र मान्य.

मागवाला

मी मास्तर नाही. अक्कलकोट रोडला घरचे माग आहेत, डिप्लोमा झालाय, कॉलेजला ऑक्टेव्ह थोडं शिकलो होतो. उदाहरणंच हवी असतील तर सोलापुरात चादरीपेक्षा सोपं काय? जॅकार्डच्या पट्टीवर भोक आहे किंवा नाही, म्हणजे १ किंवा ०. अख्खं डिझाइन म्हणजे मॅट्रिक्स. उभी ओळ ताण्याचा धागा, आडवी बाण्याचा. छोटा नमुना लिहायचा, फ्लिपएलआरनं आरशासारखा उलटा करून बाजूला जोडायचा, रेपमॅटनं पसरवायचा, पडद्यावर चादर तयार. आता नवीन मागावर पट्ट्या नसतात, सगळं फाइलवर, पण हिशोब तोच.

खरा प्रश्न पुढं आहे. एखादा धागा सलग फार घरं न बांधता वरून गेला तर तो सुटा राहतो, कशाततरी अडकून ओढला जातो आणि माल परत येतो. तर प्रत्येक उभ्या ओळीत सलग सगळ्यात जास्त १ किती, ते शोधायचं. दिसतं सोपं, करायला बसलं की घाम फुटतो, कारण खालच्या कडेचे १ पुढच्या नमुन्याच्या वरच्या कडेला जोडून मोजावे लागतात. आमच्याकडं डिझाइन मास्टर हे नुसत्या नजरेनं पकडतात.

तासिकावाल्या_मॅडम

सगळ्यांचे आभार. ऑक्टेव्ह घेते. मागवाल्या दादांचं उदाहरण लिनिअर अल्जेब्राच्या मॅडमनी आत्ताच माझ्याकडून हिसकावून घेतलं. उजनी माझ्याकडे राहील.

होटगी रोडच्या सरांना एक विचारायचं आहे. बाहेरून येणारे परीक्षक जर्नलचीच पानं उलटतात. एंटरच्या आधी बोलायचं, हे त्यांना चालेल का? आणि समीकरणांच्या सिस्टिमसाठीही न्यूटन-रॅफसनसारखं फसवं उदाहरण आहे का?

निवृत्त_होटगी_रोड

परीक्षकांना चालतं. त्यांनाही तीच तीच पानं बघून कंटाळा आलेला असतो. प्रश्नांची यादी आदल्या दिवशी त्यांना पाठवा, परीक्षेच्या सकाळी हातात ठेवू नका.

सिस्टिमसाठी हिल्बर्ट मॅट्रिक्स. i व्या ओळीत j व्या जागी १ भागिले (i अधिक j वजा १). उत्तर सगळे १ यावेत अशी उजवी बाजू आधीच तयार करून द्या आणि बॅकस्लॅशनं (ऑक्टेव्हमधली समीकरणं सोडवायची खूण) सोडवायला सांगा. ५ बाय ५ ला झकास. १२ बाय १२ ला कंडिशन नंबर (छोटी चूक उत्तरात किती पट वाढू शकते तो आकडा) १० च्या सोळाव्या घातापर्यंत जातो, मशिनीकडं अंकच साधारण १६ असतात, त्यामुळं उत्तराच्या अंकांवर भरवसा ठेवता येत नाही. ऑक्टेव्ह वॉर्निंग देतं, पण पोरं ती वाचत नाहीत. वॉर्निंग जर्नलात उतरवून तिचा अर्थ लिहिणाऱ्याला मार्क द्या.

जुळेसोलापूरकर_सध्या_पुणे

शनिवारी गावाकडं येतोय मॅडम. ऑक्टेव्ह दोन-तीन पेनड्राइव्हवर भरून आणतो, ३२ बिटवालंही घेतो. नवी पेठेत कुठंही भेटू. फक्त शेवटचं एक प्रॅक्टिकल नमपायचं ठेवा. टिंबासकट.