स्थलांतरित मिसळत नाहीत, की त्यांना मिसळू दिले जात नाही?

चर्चाप्रस्ताव

"ही माणसे आपल्यात मिसळतच नाहीत" हा आरोप बाहेरून आलेल्यांवर जवळजवळ प्रत्येक देशात होतो. माझे मत असे की, आरोप करणाऱ्या समाजाने बहुतेक वेळा आधी स्वतःच दार लावून घेतलेले असते. अमेरिकेने १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांचा प्रवेश बंद केला आणि आधीपासून तेथे राहणाऱ्या चिनी लोकांना नागरिकत्व देण्यासही मनाई केली. ती १९४३ पर्यंत टिकली. नागरिक होता येत नाही, हल्ल्यांच्या भीतीने आपल्याच वस्तीत राहावे लागते, आणि मग त्याच वस्तीकडे बोट दाखवून 'हे मुळातच वेगळे' असे म्हटले जाते. १९२३ साली भगतसिंग थिंद या भारतीय स्थलांतरिताच्या नागरिकत्वाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे मत मांडले की, युरोपीयांची मुले समाजात लवकर एकरूप होतात, हिंदुस्थानी आईबापांच्या मुलांवर मात्र वंशाची खूण कायम राहील. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करात केलेली नोकरीही थिंद यांना नागरिकत्व टिकवून देऊ शकली नाही.

प्रतिसाद १

आपली उदाहरणे खरी आहेत, परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या वंशवादी कायद्यांवरून आजचा निवाडा करणे मला पटत नाही. आज अनेक देशांत नागरिकत्वाची वाट खुली असूनही काही कुटुंबे दशकानुदशके स्थानिक भाषा शिकत नाहीत, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत घरातल्या स्त्रीला मोजावी लागते: डॉक्टरांकडे जाताना दुभाषा म्हणून शाळकरी मुलाला न्यायचे, आणि छळाची तक्रार करायची झाली तरी शब्द दुसऱ्याच कोणाचे. शिवाय ठोकळेबाज प्रतिमा काही एकाच बाजूला नसतात. 'इथल्यांना कुटुंबाची किंमत नाही', 'यांच्या मुलींसारख्या आपल्या मुली व्हायला नकोत' अशी वाक्ये स्थलांतरितांच्या घरात सर्रास बोलली जातात. ज्या समाजाविषयी मुलांच्या मनात लहानपणापासून तुच्छता रुजवली, त्याच समाजाने आपल्याला आपले मानावे ही अपेक्षा न्याय्य नाही.

प्रस्तावकाचे उत्तर

घरातल्या तुच्छतेचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. भाषेच्या बाबतीत मात्र जर्मनीकडे पाहावे. १९६१च्या करारानुसार तुर्कस्तानातून कामगार आणले गेले ते 'पाहुणे' म्हणून. काही वर्षे काम करून ते परत जातील असे शासनाने गृहीत धरले, त्यामुळे त्यांना भाषा शिकवण्याची व्यवस्था करण्याची गरजच कोणाला वाटली नाही. देशभरासाठी एकसंध अभ्यासक्रम सुरू झाला तो २००५ साली, आणि परदेशी आईबापांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांना काही अटींवर जन्माने नागरिकत्व मिळू लागले तेही २००० पासून. चार दशके ज्यांना परतणारे पाहुणे मानले, त्यांनी घरच्यासारखे का वागले नाही, असे विचारणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद २

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली: चांगली म्हणवली जाणारी प्रतिमासुद्धा घातक असते. अमेरिकेतील भारतीय म्हणजे हुशार, कष्टाळू, कायदा पाळणारे, हे ऐकून आपल्याला अभिमान वाटतो आणि श्रेय आपण संस्कृतीला देतो. प्रत्यक्षात १९६५च्या कायद्याने देशवार कोटा रद्द करून नातेवाईकांबरोबरच उच्चशिक्षित व्यावसायिकांनाही प्राधान्य दिले, त्यामुळे सुरुवातीला गेलेल्यांत डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने होते. ही निवड कायद्याने केली होती. मग टॅक्सी चालवणारा किंवा दुकानात राबणारा भारतीय त्या चित्रात बसत नाही, अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपलीच माणसे नावे ठेवतात, आणि 'यांना जमले, मग तुम्हाला का नाही' असे म्हणून तेच चित्र इतर वंशांच्या गरिबांसमोर नाचवले जाते. कौतुकाची ही प्रतिमा आपण स्वतःहून नाकारायला हवी, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

जर्मनीच्या उशिराचा दोष शासनाकडे जातो, हे मी मान्य करतो. परंतु तोच अभ्यासक्रम अनेक स्थलांतरितांसाठी सक्तीचा करावा लागला, याकडे प्रस्तावकांनी दुर्लक्ष करू नये. ज्या स्त्रीला घरचे लोक वर्गात पाठवायला तयार नसतात, तिच्यासाठी सक्ती हाच एकमेव आधार असतो. समाजाने शिकवण्याची जबाबदारी घ्यावी, खर्च उचलावा, कामाच्या वेळा सांभाळून वर्ग चालवावेत. एवढे केल्यानंतर शिकण्याची अट घालण्याचा अधिकार त्या समाजाला आहे, आणि या अटीला मी अन्याय मानायला तयार नाही.