मोठ्या स्टेज रेसच्या आधी प्रो रायडर नक्की किती रेस करतात? (भावासाठी विचारतेय)

कोथरूडची_सायकल
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर आपल्या रस्त्यांवरून गेली तेव्हा हा पठ्ठ्या पाचही दिवस कुठे ना कुठे रस्त्याच्या कडेला उभा होता आणि तेव्हापासून डोक्यात स्टेज रेसशिवाय (अनेक दिवसांची रेस, रोज एक टप्पा) दुसरं काही नाही. आता येत्या जानेवारीत त्याची स्वतःची पहिली स्टेज रेस आहे, पाच दिवसांची, आणि त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याने ओळीने सात रविवार सात रेसना नाव दिलंय, फी पण भरून मोकळा झालाय. कोच म्हणतात यातल्या चार सोड. हा म्हणतो प्रो लोक वर्षभर रेसच करत असतात, पाय रेसनेच तयार होतात, घरी बसून नाही. रोज रात्री जेवताना हाच वाद, आई तर आता ताट वाढून आत निघून जाते.

सात रविवारांपैकी तीन झालेत. मला खरी काळजी मागच्या बुधवारी वाटायला लागली. सिंहगडावर मी त्याच्या मागे स्कूटरवर होते, गोळेवाडीचा नाका गेल्यावर चढ सुरू झाला तरी त्याचा हार्ट रेट १६५ च्या वर जाईचना, एरवी त्याच चढाला १८५ सहज दिसतो. जोर लावत होता, दात दाबलेले दिसत होते, पण सायकल पुढे सरकत नव्हती. नेहमीपेक्षा साडेतीन मिनिटं जास्त लागली. वर गेल्यावर पिठलं-भाकरी आली तर अर्धी भाकरी तशीच ठेवली, एरवी तीन खातो.

तर टूर दी फ्रान्सच्या आधी ही मोठी माणसं किती रेस करतात ते कुणी नीट आकड्यांत सांगेल का? त्याला माझं पटत नाही, आकडे पटतील.

बोपदेव_पहाटे
ताई, पहिली गोष्ट, 'किती रेस' असं मोजू नका, 'किती रेसचे दिवस' असं मोजा, कारण एका स्टेज रेसमध्येच अनेक दिवस असतात.

टूर जिंकणारा स्लोव्हेनियाचा पोगाचार, त्याचं २०२४ घ्या. सीझनमधली त्याची पहिली रेस २ मार्चला, एका दिवसाची स्त्रादे बियांके, ८१ किमी एकट्याने पुढे राहून जिंकला. मग मिलान-सान रेमो, ती पण एका दिवसाची, मग कातालुन्याची सात दिवसांची रेस, मग एप्रिलमध्ये लिएज, परत एका दिवसाची. झालं. जिरोच्या (इटलीची तीन आठवड्यांची रेस) आधी एवढंच, म्हणजे फक्त १० दिवस. मग जिरोचे २१, आणि त्यानंतर टूरपर्यंत पाच आठवडे एकही रेस नाही. म्हणजे टूरच्या आधी एकूण ३१ दिवस, आणि दोन्ही जिंकला, १९९८ मध्ये इटलीच्या पान्तानीने केलं होतं त्यानंतर पहिल्यांदा. अख्ख्या वर्षात ५८ दिवस रेस केली. २०२५ मध्ये जिरो नव्हता, तेव्हा टूरच्या आधी यूएई टूरचे सात, वसंतातल्या एक-एक दिवसाच्या सात रेस, आणि जूनमध्ये फ्रान्समधल्या दोफिनेचे आठ. बावीस दिवस, जानेवारीपासून जुलैपर्यंत मिळून. भावाला सांगा, साधारण सहा महिन्यांत बावीस.

आता एवढ्या कमी का करतात? तर रेसच्या आठवड्यात ट्रेनिंग होतच नाही हो. दोन दिवस आधी पाय हलके ठेवायचे, मग रेस, मग दोन-तीन दिवस नुसती रिकव्हरी, आठवडा गेला. सलग सात आठवडे असं केलं तर लांबचे पाच तासांचे राइड कधी होणार, घाटातले इंटरव्हल कधी होणार? सात रविवारांत माणूस आधी कमावलेलं खर्च करत राहतो. प्रो लोक म्हणूनच मध्ये मोठी मोकळी जागा ठेवतात आणि स्पेनच्या डोंगरांत, तेइदेला किंवा सिएरा नेवाडाला जाऊन राहतात, दोन हजार मीटरच्या वर, दोन-तीन आठवडे, तिथे फक्त चढ, जेवण आणि झोप. दोफिने किंवा स्वित्झर्लंडची टूर दी स्वीस संपली की टूरपर्यंत दोन ते तीन आठवडे असतात, त्यात बहुतेकांची फारतर नॅशनल चँपियनशिप होते.

पण एक सांगतो, हे टीम लीडरचं गणित आहे. जे बाटल्या आणून देतात, लीडरला वाऱ्यापासून वाचवतात, ते वर्षाला सत्तर-ऐंशी दिवस रेस करतात कारण टीमला सगळीकडे माणसं लागतात. तुमच्या भावाने बहुतेक अशांचंच कॅलेंडर बघितलं असणार.

पहिला_गिअर
थोडं वेगळं मत मांडतो, बोपदेवभाऊंचे आकडे बरोबर आहेत पण १९ वर्षांच्या पोराची पोगाचारशी तुलना करण्यात अर्थ नाही. पोगाचारला शंभरेक माणसांच्या बंचमध्ये (घोळक्यात) कोपराला कोपर लागत असताना कुठे थांबायचं हे शिकायचं नाहीये, याला शिकायचंय. आपल्याकडे पोरं स्ट्रॉंग असतात, पायांचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरवर आकडे छान येतात, आणि पहिल्या वळणाला ब्रेक मारून बंचच्या शेपटीला जातात, मग दर वळणानंतर स्प्रिंट मारून गॅप भरत बसतात आणि शेवटच्या चढाला पाय संपलेले असतात. हे घरच्या ट्रेनरवर शिकता येत नाही, खडकवासला-पानशेत रोडवर एकट्याने पण नाही.

आणि उदाहरणं उलटी पण आहेत. ब्रिटनचा विगिन्स २०१२ मध्ये पारी-नीस, रोमांदी, दोफिने या तिन्ही स्टेज रेस जिंकून टूरला गेला आणि टूर पण जिंकला. कोलंबियाचा बर्नाल २०१९ ला जिरोच्या तोंडावर कॉलरबोन मोडून बसला होता, मग जूनमध्ये टूर दी स्वीस केली, जिंकली, आणि लगेच २२ व्या वर्षी टूर पण जिंकली. २०२३ ला पोगाचारचं लिएजमध्ये मनगट मोडलं, तिथून टूरपर्यंत फक्त स्लोव्हेनियाच्या नॅशनल्स झाल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात कोल द ला लोझच्या चढावर तो पूर्ण संपला. आता ते मनगटामुळे ट्रेनिंग बुडालं म्हणून की रेस कमी झाल्या म्हणून हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही, पण रेस नकोतच असंही नाही. सातच्या सात सोडायला सांगू नका त्याला, मोडून पडेल.

बोपदेव_पहाटे
@पहिला_गिअर बंचचं एकदम मान्य. पण डेन्मार्कच्या विंगेगोरचं २०२४ विसरू नका, एप्रिलमध्ये स्पेनमधल्या इत्सूलिया रेसमध्ये पडला, फुफ्फुसाला इजा, कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, त्यानंतर एकही रेस न करता थेट टूरला आला, ११ व्या स्टेजला पोगाचारला स्प्रिंटमध्ये हरवलं आणि शेवटी दुसरा आला. बारा आठवडे शून्य रेस. शरीर ताजं असेल आणि आधीचा पाया असेल तर एवढं होऊ शकतं.

घाटाचा_जुना
मी इथे फार लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. मुलगी, तुझ्या भावाच्या जागी मी होतो, चाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा आमच्याकडे कोच नाही, मीटर नाही, स्टीलची सायकल आणि डबा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जत्रेच्या गावांना बक्षिसाच्या रेस असायच्या, शनिवारी रात्री एसटीच्या टपावर सायकल दोरीने बांधायची, रविवारी पळवायची, रात्री परत, सोमवारी सकाळी कामावर. सहा रविवार असे केले. चार जिंकलो. स्टीलची भांडी, एक घड्याळ, घरी सगळे खूश. मला वाटलं यंदा मुंबई-पुणे रेसला घाटाचा राजा मीच.

खोपोलीपर्यंत पुढच्या दहांत होतो. घाट लागला आणि शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे पायातला जीवच गेला. दम लागला नव्हता, हे लक्षात घे, छाती शांत होती, श्वास शांत होता, आणि पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. ज्यांना मी सांगलीकडे मागे टाकलं होतं ती पोरं एकेक करून बाजूने गेली, एकाने जाताना पाठीवर हात ठेवला तो स्पर्श अजून आठवतो. तू सिंहगडाचं जे लिहिलंयस, हार्ट रेट वर जात नाही, ते वाचलं आणि अंगावर काटा आला. आम्हाला तेव्हा आकडा दिसत नव्हता, पण तेच होतं ते.

त्याला म्हणावं बेल्जियमच्या मर्क्सचं नाव सांगू नकोस. मर्क्सने १९७१ साली १२० रेस केल्या, ५४ जिंकल्या, खरं आहे, १९७४ ला तर जिरो, स्वीस, टूर तिन्ही लागोपाठ. आम्ही पण तेच ऐकून बिघडलो. तसा माणूस एकच झाला.

एसआर_६००
मी रेसर नाही, बीआरएमवाली आहे (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायचं, नंबर नाही), पण आमच्यात पण हेच होतं. २००, ३००, ४००, ६०० किमी एकाच सीझनमध्ये करून सुपर रँडोनर व्हायचं म्हणून मी पहिल्या वर्षी दर दुसऱ्या आठवड्याला एक ठेवली, ४०० ला रात्री दोन वाजता खंबाटकीत उतरून चालत होते, आणि पायाला काही झालेलं नव्हतं, नुसती झोप आणि भूक गेली होती. ताई, भूक जाणं हे मला हार्ट रेटपेक्षा जास्त खटकलं. एवढं पेडल मारणारं पोर अर्धी भाकरी ठेवतंय म्हणजे काहीतरी नक्की आहे. आधी एक साधी रक्ततपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, आणि डॉक्टरांना दाखवा, नुसतं थकवा म्हणून सोडू नका. आणि रोज सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडी मोजून लिहून ठेवायला लावा, सलग चार-पाच दिवस नेहमीपेक्षा जास्त येत असेल तर त्या आठवड्यात रेस नाही. फी गेली तर जाऊ दे.

पहिला_गिअर
+१. आणि कोचला विचारून उरलेल्या चारातल्या दोन ठेवा, एक सपाट सर्किटची, बंच शिकायला, तिथे निकाल बघायचाच नाही असं आधी ठरवून. दुसरी घाटाची, मेन रेसच्या तीनेक आठवडे आधी, ती मात्र पूर्ण जोर लावून. मध्ये एका वीकेंडला शनिवार-रविवार लागोपाठ दोन मोठे राइड, म्हणजे थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी निघणं काय असतं ते कळेल, स्टेज रेसमध्ये खरी परीक्षा ती असते. आणि त्या राइडमध्ये खायची पण प्रॅक्टिस करा, प्रो लोक हल्ली तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्ब घेतात, याच्या पोटाला ती सवय एका दिवसात होणार नाही, ५०-६० पासून सुरू करा.

कोथरूडची_सायकल
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. काल रात्री फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि काही न बोलता निघून आले. बोपदेवभाऊ, तुमचा बावीसचा आकडा त्याने दोनदा मोजला, कॅलेंडर उघडून, बरोबर निघाला. पण काका, तो थांबला तुमच्या शिंगरोबापाशी. मला विचारत होता की त्यानंतर काकांनी परत मुंबई-पुणे केली का, तर प्लीज सांगा, तो वाट बघतोय.

कोचशी सकाळी फोन झाला, या रविवारची रेस रद्द, त्यानंतरचीही एक रद्द, दोन ठेवल्यात, पहिला_गिअर म्हणतायत तशाच. फी परत मिळणार नाही, आईने 'असू दे' म्हटलं. रक्त उद्या द्यायचंय. फ्रिजवर कागद लावलाय नाडीचा. एरवी ४८-४९ असते म्हणतो, आज सकाळी ५८ होती. उद्याची उद्या टाकते.