वायफाय प्रिंटर वारंवार ‘ऑफलाइन’ दिसतो: उपाय सुचवावा

प्रश्न

पुण्यातील आमच्या घरी तीन वर्षांपासून वायफायवर चालणारा प्रिंटर आहे. गेले दोन महिने विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर तो सतत ‘ऑफलाइन’ दिसतो. यादीतून काढून पुन्हा जोडला की काही दिवस नीट चालतो आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊन आली की त्या संध्याकाळी हमखास बंद पडतो. आश्चर्य म्हणजे त्याच वेळी मुलीच्या मोबाइलवरून छपाई व्यवस्थित होते. दुरुस्तीवाल्यांनी नवा प्रिंटर घेण्यास सुचवले आहे. त्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

प्रतिसाद

कृपया नवा प्रिंटर घेऊ नका. मोबाइलवरून छपाई होते, त्याअर्थी आपला प्रिंटर वायफायवर हजर आहे. फक्त लॅपटॉप त्याला जुन्या पत्त्यावर शोधत आहे. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला तात्पुरता आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) देतो आणि अनेक घरगुती राउटर वीज गेल्यावर ही नोंद विसरतात, त्यामुळे काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.८ वर जाऊ शकतो. मोबाइल छपाईच्या वेळी प्रिंटरचा नव्याने शोध घेतो, तर विंडोज बहुधा जोडणी करताना नोंदवलेलाच पत्ता धरून बसते.

म्हणून पत्ता कायम करणे हाच खरा उपाय आहे. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कच्या माहितीचे पान छापून घ्या. त्यावर बारा अंक-अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची स्वतःची ओळख, असतो. राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असते, तिथे तो मॅक पत्ता घालून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवा आणि प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करा. काही जण प्रिंटरमध्येच पत्ता पक्का करतात. मला ते पटत नाही, कारण राउटरला त्याची कल्पना नसल्यामुळे तोच पत्ता उद्या एखाद्या मोबाइलला दिला जाऊ शकतो.

यानंतर लॅपटॉपवर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ पाहा. लॅपटॉप प्रिंटरशी कोणत्या मार्गाने बोलतो, ते पोर्टवरून कळते. पोर्टचे नाव डब्ल्यूएसडीने (विंडोजच्या आपोआप जोडणीच्या पद्धतीने) सुरू होत असेल, तर ‘ॲड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून राखून ठेवलेला पत्ता द्या. एवढे करूनही ‘ऑफलाइन’ दिसल्यास ‘कॉन्फिगर पोर्ट’मधील ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढा. एसएनएमपीने विंडोज प्रिंटरच्या स्थितीची चौकशी करते, प्रिंटरने त्या चौकशीला उत्तर दिले नाही, तर तो चालू असतानाही विंडोज त्याला ऑफलाइन ठरवते.

आणखी एक प्रतिसाद

वरील निदान योग्य वाटते. ज्यांच्याकडे मोबाइलवरूनही छपाई होत नाही, त्यांनी आधी प्रिंटर कोणत्या वायफायवर आहे ते तपासावे. अनेक घरगुती प्रिंटर वायफायच्या केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, त्यामुळे राउटर बदलताना तो पट्टा बंद राहिला असेल तर जोडणीच होणार नाही. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवरही प्रिंटर ठेवू नये, कारण तिथे सहसा उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही.

प्रश्नकर्तीचा खुलासा

आपणा दोघांचे मनापासून आभार. पोर्ट डब्ल्यूएसडीचाच होता. पत्ता राखून ठेवला, पोर्ट बदलला आणि त्यानंतर दोन गुरुवारी वीज जाऊन आली, तरी छपाई लगेच झाली. एसएनएमपीची खूण काढावी लागली नाही. यजमानांच्या लॅपटॉपवरही हे सगळे पुन्हा करावे लागेल का?

प्रतिसाद

राउटरमधील नोंद एकदाच पुरे. पोर्ट मात्र विंडोज असलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर वेगळा तपासावा लागेल. तिथेही डब्ल्यूएसडी दिसल्यास तोच पत्ता देऊन नवा पोर्ट जोडा.