अनुभव धागा: अडचणीच्या वेळी सरकार तुमच्यापर्यंत पोचलं का?

लाडकी बहीण योजना 2024च्या जुलैत सुरू झाली तेव्हापासून 'रेवडी' विरुद्ध 'हक्क' हा वाद काही थांबायला तयार नाही. माझं निरीक्षण असं की ज्यांच्या खात्यात दीड हजार पडतात त्या या वादात कुठेच नसतात. तावातावाने बोलणारे सगळे बाहेरचे. म्हणून हा धागा मतांसाठी नाही.

नोकरी गेली, कमावता माणूस गेला, मोठं आजारपण आलं, पाऊस पडला नाही, म्हातारपण आलं. अशा वेळी सरकारी व्यवस्थेतून नेमकं काय हाती आलं? कशामुळे आलं? नाही आलं तर गाडी कुठे अडली? देश कुठलाही चालेल. अट एकच, अनुभव स्वतःचा किंवा घरातला हवा. तक्रार असेल तर कचेरीचं, हॉस्पिटलचं, माणसाचं नाव टाळा.

माझा कल आधीच सांगून टाकतो. रक्कम किती यापेक्षा ती मिळवायला कुणाच्या दारात उभं राहावं लागतं का, हे मी आधी बघतो. पटत नसेल तर खोडून काढा, पण अनुभव सांगून.

माणदेशी मास्तर

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांचा होतो. चार एकर कोरडवाहू, त्याआधीचं वर्षही वाळूनच गेलेलं. वडिलांनी बैलजोडी मातीमोल विकली आणि त्यानंतर गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं. आईवडील दोघंही कामावर. गडी खणायचे, बायका पाट्या वाहायच्या, ज्यांना तेही झेपत नसे त्या खडी फोडायला बसायच्या. खडी फोडताना आईच्या अंगठ्याचं नख गेलं ते पुन्हा सरळ आलंच नाही. दुपारी सुकडी मिळायची, आम्ही पोरं तेवढ्यासाठी उन्हात तिथे जाऊन बसायचो. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची. आजी रोज तिला शिव्या घालायची आणि रोज खायची.

पुढे शिक्षक झाल्यावर वाचलं की 1973च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. पण दुष्काळी कामं इंग्रजांच्या काळातही निघत. दुष्काळ जाहीर झाला की काम सुरू, पाऊस पडला की बंद. आणि दुष्काळ कधी जाहीर करायचा ते साहेब ठरवणार. वि. स. पागे यांनी हा क्रमच उलटा केला. विधान परिषदेचे सभापती, आमच्याच बाजूचे, तासगाव तालुक्यातले. त्यांनी आधी त्याच भागात प्रयोग करून पाहिला. 'मागेल त्याला काम' ही कल्पना त्यातूनच आली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मजूर काम मागतो म्हणून सरकारने ते द्यायचं, आणि तेही कायद्याने. 2005चा केंद्राचा कायदा याच वाटेने आला.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मस्टरवर मेलेल्यांची नावं मी स्वतः पाहिलीत. मुकादमाशी वाकडं असलं तर मोजमापात मार बसायचा. पण त्या वर्षी आमच्या घरातलं कुणी उपाशी झोपलं नाही, आणि आईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावरचा पगार पडला. त्या पगाराचं काय करायचं हे वडिलांना विचारायला ती विसरली, असं ती हसून सांगायची.

पगारदार

मास्तर, पगाराच्या स्लिपवर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो, त्याचं मूळ तुमच्या पाझर तलावात आहे हे आजच कळलं. आत्ता शोधलं तर हा कर 1975 साली रोजगार हमीला पैसा उभा करायलाच लावला होता, आणि सरकार त्यात तेवढीच भर घालणार असं ठरलं होतं. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुरासाठी वर्षाला अडीच हजार द्यायचे, हे निदान स्लिपवर तरी लिहा ना. मी जरा कमी कुरकुर केली असती.

वऱ्हाडची सून

माझी नणंद चौतिसाव्या वर्षी विधवा झाली. जावई किडनीच्या आजारात गेले. एक मुलगा शाळेत, शेती सासऱ्यांच्या नावावर, ती स्वतः दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसते, असं अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं.

आता ऐका. या योजनेसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत लागतं. महिन्याला 1750. निंदणाला जाणारी बाई हंगामात आठवड्यालाच तेवढं कमावते, नाही कमावलं तर खाईल काय? म्हणजे जी खरोखर कष्ट करून जगते ती कागदावर बाद, आणि कागदावर बसायचं तर उत्पन्न कमी सांगायचं. तलाठ्याला ठाऊक, तहसीलला ठाऊक, दाखला काढून देणाऱ्या सेतूवाल्याला तर तोंडपाठ. गरीब बाईला पहिल्याच पायरीवर खोटं बोलायला लावायचं आणि मग 'बोगस लाभार्थी' म्हणून बातम्या द्यायच्या, हे मला फार लागतं.

कागद सगळे जमले: मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला. त्यानंतर अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीचा अध्यक्ष हा सरकारी माणूस नसतो, पालकमंत्र्यांच्या शिफारशीने आलेला स्थानिक कार्यकर्ता असतो. समिती बदलली की बैठक लांबते. तिचा अर्ज पडून होता तो गावातल्या एका पुढाऱ्याच्या फोननंतर हलला. त्या माणसाने काही मागितलं नाही, हे खरं सांगायला हवं. पण निवडणुकीत तो दारात आला तेव्हा नणंदेला त्याच्याकडे मान वर करून बघता आलं नाही. धागाकर्त्यांचा मुद्दा यात आला.

कमावता माणूस गेल्यावर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20 हजार मिळतात, ते मिळाले नाहीत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, आणि ती यादी झाली तेव्हा जावई धडधाकट होते.

आता महिन्याला 1500 येतात. निराधारचे मिळतात म्हणून लाडकी बहीण नाही. दोन्ही रक्कम सारखीच, पण एकीसाठी तिला किती नाचवलं आणि दुसरी शेजारणीला मोबाईलवरच्या अर्जाने मिळाली. कुणाला फुकट मिळतं याचा राग नाही हो. सगळ्यांनाच तितकं सोपं का नाही, एवढंच.

टोळीतला पोरगा

वडील जावळीतून मुंबईला आले आणि मसाला बाजारात पाठीवर गोण्या वाहायला लागले. आजोबाही तेच करायचे, पण दोघांच्या म्हातारपणात जमीन-अस्मानाचा फरक. आजोबा थकले आणि गावी परत गेले, हातात काही नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा फंड होता, ग्रॅच्युइटी होती.

मधल्या काळात माथाडी कायदा आला होता, 1969चा. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने तो लढून मिळवला. या कायद्याची कल्पना साधी आहे. हमालाचा मालक कोण, तर रोज वेगळा. मग व्यापाऱ्याने मजुरी हमालाच्या हातात न देता बोर्डाकडे भरायची, वर लेव्ही म्हणजे मजुरीवरची जादा वर्गणी भरायची, आणि त्या लेव्हीतून फंड, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना. सरकारने स्वतःच्या खिशातून फारसं काही घातलं नाही, नियम केला आणि बोर्ड बसवलं. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मी डिलिव्हरीवाल्या पोरांकडे बघतो तेव्हा वाटतं, यांचाही मालक रोज वेगळा आणि ऑर्डर ॲपमधून जाते, म्हणजे लेव्ही कापणं तर आणखी सोपं.

बोर्डातही काळंबेरं आहे. नोंदणीच्या नावावर खंडणी मागणारे बोगस लोक आलेत, त्याने नाव खराब झालं. पण मी शिकलो तो त्या पैशावर.

श्टुटगार्टकर

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून गेल्या वर्षी नारळ मिळाला. इथे जर्मनीत कळल्यापासून तीन दिवसांत आर्बाइट्सआम्टला, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत, नोंद करावी लागते, ती ऑनलाइन झाली. गेल्या 30 महिन्यांत 12 महिने विमा भरलेला असला की बेकारी भत्ता सुरू होतो. आधीच्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67. आरोग्य विम्याचा हप्ताही तेच भरतात, त्यामुळे मुलाच्या दम्याची औषधं थांबली नाहीत. स्वतः राजीनामा दिला असता तर पहिले बारा आठवडे काही मिळालं नसतं, म्हणून इथे कुणी चिडून राजीनामा फेकत नाही.

समोर बसलेल्या बाई कोरड्या होत्या. हसल्या नाहीत, सहानुभूती दाखवली नाही. फॉर्म बघितला, आकडा सांगितला. पुण्यात नोकरी गेली तेव्हा सगळे नातेवाईक फार प्रेमाने वागले होते आणि त्या प्रेमाखाली मी दबून गेलो होतो. हा कोरडेपणा मला आवडला.

मुक्काम लेस्टर

आमच्या ब्रिटनच्या व्हिसाच्या कार्डावर 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत नाही, असं छापलेलं होतं. कर भरायचा, आरोग्य अधिभार वेगळा भरायचा, पण घरभाड्याची मदत, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता) यांना हात लावायचा नाही. 2020च्या मार्चमध्ये नवऱ्याचं हॉटेल बंद झालं तेव्हा घाबरून गेलो होतो. पण फर्लो योजना, म्हणजे कोरोनात काम बंद असताना सरकारने दिलेला पगार, पब्लिक फंड्समध्ये मोजली नाही. पगाराच्या 80 टक्के, महिना जास्तीत जास्त 2500 पौंड, मालकामार्फत यायचे. कुणाला काही मागावं लागलं नाही. शेजारचे एक काका रोखीने काम करत होते, कागदावर कुठेच नव्हते. त्यांना गुरुद्वाऱ्यातून जेवण यायचं.

परतलेला

अमेरिकेत सहा वर्षं सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के कापले गेले. पेन्शनला 40 क्रेडिट्स लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे दहा वर्षं. भारताशी त्यांचा याबाबत करार नाही, त्यामुळे ते पैसे गेले असंच धरायचं. तिथल्या कुठल्यातरी आजीबाईंची पेन्शन मी भरली, त्यांना माझा नमस्कार.

करदाता नं. 1

सगळ्यांच्या भावना समजल्या, पण माझाही अनुभवच आहे. भात लावणीला माणूस मिळत नाही. मजुरी वाढवली तरी मिळत नाही. घरातल्या बाईला दीड हजार, वर रेशन 2023पासून मोफत. मी गावात अजून शेती करतो, मूर्ख म्हणून. माझ्या आंबा-भाताला विमा मिळायच्या वेळी मात्र दहा नियम.

माणदेशी मास्तर

करदाता, दीड हजारात घर चालत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. मजूर मिळत नाही कारण तुमच्या कोकणातली पोरं मुंबईला गेली, ती काही 2024 साली गेली नाहीत. पीक विम्याबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो स्वतंत्र धागा काढा, मी पहिला येतो लिहायला.

रिक्षावाल्याची मुलगी

बाबांना हार्ट ॲटॅक आला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत स्टेंट बसला, हॉस्पिटलला आम्ही एक रुपया दिला नाही. दारातच आरोग्यमित्रांचं टेबल होतं. केशरी रेशनकार्ड आणि आधार दिलं, त्यांनी मंजुरी मागवली. काही औषधं बाहेरून आणायला लावली, ती योजनेत होती हे नंतर समजलं.

पण लोक इथेच थांबतात: 'ऑपरेशन फुकट झालं ना?' झालं. त्यानंतर काही महिने रिक्षा उभी होती. रिक्षाचा हप्ता, घरभाडं, माझी फी, यातलं काहीच थांबलं नव्हतं. माझे मामा कारखान्यात आहेत, त्यांना ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू आहे. ते आजारी पडले तेव्हा उपचारांबरोबर पगाराच्या 70 टक्के रक्कमही मिळाली, वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. आजार तोच, पण मामा हजेरीपटावर आहेत आणि बाबा स्वतःचे मालक. बाबांनी दुखणं अंगावर काढत डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी रिक्षा काढली. आईने सावकाराचे पैसे घेतलेले होते, ते आम्हाला दिवाळीत कळलं.

फोंड्याची

आमच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे 2000 महिन्याला मिळतात. सासूबाई त्यातले काही फेस्तासाठी (चर्चच्या जत्रेसाठी) आणि शेजारच्या काकूंच्या भिशीसाठी बाजूला ठेवतात. बाकी औषधं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसतात, जिवंत दिसायला हवं म्हणून.

नवीन सदस्य

वाचून धीर आला म्हणून विचारते. आई 66 वर्षांची, गावी एकटी असते, दीड एकर तिच्या नावावर, मी मुंबईत घरकाम करते. तिला काही मिळेल का?

वऱ्हाडची सून

ताई, 65 च्या वर असतील तर श्रावणबाळ योजना बघा, तिथेही उत्पन्नाची अट तीच 21 हजारांची. सातबारा लपवू नका, दीड एकर कोरडवाहू असेल तर उत्पन्न त्यात बसू शकतं. आधी आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते तपासा, पैसे आता थेट खात्यात येतात आणि बहुतेकांचं तिथेच अडतं. आईच्या बोटाचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांचं स्कॅनिंग करून मागा. आणि अर्ज दिल्यावर पोच घ्याच, तारखेच्या शिक्क्यासकट. जिल्हा कुठला तुमचा?